गेज जुळलं, गाडी नाही

गोबीच्या वाळवंटात, चीन आणि मंगोलियाच्या सीमेवर, एरलियन नावाचं चिनी गाव आहे. बीजिंगहून मॉस्कोला जाणारी गाडी इथे रात्री येऊन थांबायची. चिनी अधिकारी पासपोर्ट गोळा करून न्यायचे, संडासांना कुलपं लागायची आणि गाडी हळूहळू एका लांबलचक शेडमध्ये ढकलली जायची. तिथे डबे एकमेकांपासून सुटे करायचे. मग विजेवर चालणारे जॅक प्रत्येक डबा माणसांसकट, सामानासकट, अर्धवट प्यालेल्या चहासकट वर उचलायचे. खालची चाकांची चौकट रुळावरून बाजूला जायची, दुसऱ्या मापाची चौकट तिच्या जागी यायची, डबा खाली उतरायचा. हे सगळं होईतो काही तास जायचे. चीनचे रूळ १,४३५ मिलिमीटर रुंदीचे. मंगोलियाचे आणि रशियाचे १,५२०. फरक ८५ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम चार बोटं. या चार बोटांसाठी एक अख्खा कारखाना सीमेवर उभा केलेला आहे.

ही गाडी साधारण ७,८०० किलोमीटर धावायची. डबे चिनी, डब्यांतले सेवक चिनी, पाणी तापवायला डब्याच्या टोकाशी कोळशाचा बंब, तोही चिनी. इंजिन मात्र ज्या देशात गाडी असेल त्या देशाचं. जेवणाचा डबाही सीमेवर बदलायचा : मंगोलियात कोरीवकाम केलेल्या लाकडाचा, पुढे रशियन. रशियाच्या हद्दीत आणखी एक गंमत होती. २०१८ पर्यंत तिथल्या तिकिटांवर मॉस्कोची वेळ छापलेली असायची. बाहेर सायबेरियात सूर्य मावळत असला तरी तिकिटाच्या हिशेबाने भर दुपार. हे सगळं विस्कळीत, कंटाळवाणं आणि वेळखाऊ होतं, पण चालत होतं. २०२० मध्ये ही थेट गाडी थांबली ती साथीमुळे. चार बोटांनी तिला कधी थांबवलं नव्हतं.

अनेक देशांतून जाणाऱ्या गाड्यांविषयी लिहिताना आपण खिडकीबाहेरच्या देखाव्यात रमतो. माझं कुतूहल खिडकीच्या आतल्या व्यवस्थेविषयी जास्त आहे. परक्या देशाच्या डब्याचं चाक तापलं तर दुरुस्तीचा खर्च कुणी सोसायचा? तिकिटाच्या पैशांची वाटणी कशी करायची? सीमेपलीकडच्या पहिल्या स्टेशनापर्यंत कुणाचा ड्रायव्हर जाणार, आणि तो परत कसा येणार? आंतरराष्ट्रीय रेल्वे म्हणजे मुख्यतः हे कागद. रूळ त्या मानाने सोपे असतात.

रुळांच्या मापाभोवती दंतकथा भरपूर आहेत. रशियाने शत्रूच्या फौजांना आत येता येऊ नये म्हणून मुद्दाम रुंद रूळ टाकले, ही त्यातली सगळ्यांत लाडकी. प्रत्यक्षात १८५१ मध्ये सुरू झालेल्या सेंट पीटर्सबर्ग–मॉस्को मार्गासाठी सल्लागार म्हणून आणलेला जॉर्ज वॉशिंग्टन व्हिसलर हा अमेरिकन इंजिनियर (चित्रकार व्हिसलरचा बाप) पाच फुटांच्या बाजूचा होता. त्याच्या देशाच्या दक्षिण भागात तेच माप रुळलेलं होतं. आपल्याकडची गोष्टही अशीच. लॉर्ड डलहौसीला सहा फूट हवे होते, विलायतेत चार फूट साडेआठ इंच चालत होते, शेवटी साडेपाच फुटांवर तडजोड झाली. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी याच मापाच्या रुळांवरून धावली. मापं ठरली ती इंजिनियरांच्या सवयीने आणि साहेबांच्या वादावादीतून. राजकारण त्यांना चिकटलं ते नंतर.

पण चिकटलं हे खरं. एरलियनचाच इतिहास बघा. १९५६ च्या सुमारास उलानबाटरहून चीनकडे येणारा मार्ग खुला झाला तेव्हा चीनने आपल्या हद्दीतला, जिनिंगपर्यंतचा तुकडा रशियन मापाचा ठेवला होता. दोस्तीचे दिवस होते. पुढे मॉस्को आणि बीजिंग यांचं फाटलं आणि १९६५ मध्ये चीनने हा तुकडा आपल्या मापाचा करून घेतला. मापाची सीमा आणि देशाची सीमा एकाच जागी आली. भांडणाचा हा अगदी मोजता येईल असा पुरावा. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं : रूळ बदलले म्हणून मार्ग तोडला नाही. चाकं बदलायची सोय केली.

युरोपातही अडचणी कमी नाहीत. पासपोर्टची तपासणी गेली तरी तारांमधली वीज देशोदेशी वेगळीच राहिली. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये १५ किलोव्होल्ट, बेल्जियम, इटली आणि पोलंडमध्ये ३ किलोव्होल्ट, नेदरलँड्समध्ये दीड, फ्रान्समध्ये दोन प्रकारची. स्पेनचा रूळ फ्रान्सपेक्षा रुंद. तिथे ताल्गो कंपनीने चालत्या गाडीची चाकं हळूच आत-बाहेर सरकवणारी यंत्रणा काढली आणि १९६९ पासून बार्सिलोना–जिनीव्हा गाडी उतारूंना न उतरवता सीमा ओलांडू लागली. त्याच्याही आधी जॉर्ज नागेलमाकर्स या बेल्जियन माणसाने ओरिएंट एक्सप्रेस चालवली, १८८३ मध्ये. झुंबरं आणि मखमल हे तिचं कर्तृत्व समजलं जातं; खरं कर्तृत्व म्हणजे त्याने अनेक रेल्वे कंपन्यांना आपले झोपायचे डबे ओढायला राजी केलं. पहिल्या फेरीत तर रूळ कॉन्स्टँटिनोपलपर्यंत पोचलेही नव्हते. डॅन्यूब नदी बोटीने ओलांडायची, पुन्हा गाडी, मग वार्नाहून जहाज. तरी गाडी निघाली.

इथे एका भाबड्या समजुतीला फाटा द्यायला हवा. गाड्या सुरू झाल्या की देश जवळ येतात आणि युद्धं टळतात, असं आपण उद्घाटनाच्या भाषणांत ऐकतो. १९१४ च्या युरोपइतकं रुळांनी विणलेलं खंड तोवर दुसरं नव्हतं, आणि त्याच रुळांवरून वेळापत्रकं लावून फौजा आघाडीवर नेल्या गेल्या. १९१८ चा युद्धविराम काँपिएन्यच्या जंगलात झाला तो नागेलमाकर्सच्याच कंपनीच्या २४१९ क्रमांकाच्या डब्यात. १९४० मध्ये हिटलरने तोच डबा त्याच जागी आणवून त्यात फ्रान्सला मान तुकवायला लावली. रेल्वेला शांततेचं वाहन म्हणणाऱ्यांनी हा डबा आठवावा.

तर मग परदेशात जाणारी गाडी कशावर चालते? माझ्या मते मैत्रीपेक्षा खूप खालच्या पायरीवरच्या गोष्टीवर : शेजारधर्मावर. वाड्यात वर्षानुवर्षं अबोला धरलेली दोन बिऱ्हाडं असतात, पण सामायिक नळाची वेळ दोघंही पाळतात. तेवढं पुरतं.

याचं झकास उदाहरण सिंगापूर आणि मलेशिया. १९६५ मध्ये दोघं वेगळे झाले, तरी सिंगापूरच्या मधोमध जाणारा रूळ आणि तंजोंग पागार स्टेशनाची जागा मलेशियाच्या रेल्वेचीच राहिली. त्या जमिनीवरून दोघांचं दीर्घकाळ वाजत होतं. १९९८ मध्ये सिंगापूरने आपली पासपोर्ट तपासणी सीमेजवळ वुडलँड्सला हलवली. मलेशियाने आपली तंजोंग पागारहून हलवायला नकार दिला. परिणामी उतारू आधी मलेशियात ‘प्रवेश’ करायचा आणि अर्ध्या तासाने सिंगापूरमधून ‘बाहेर’ पडायचा. कायद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा, पण गाड्या रोज सुटत राहिल्या. पुढे जमिनीचा प्रश्न मिटला आणि २०११ मध्ये ते स्टेशन बंद झालं. उत्तरेला मलेशिया–थायलंड सीमेवर पाडांग बेसार स्टेशनात तर एकाच इमारतीत दोन्ही देशांचे अधिकारी बसतात. एका खिडकीवर बाहेर पडल्याचा शिक्का, पुढच्या खिडकीवर आत आल्याचा.

आता आपल्या उपखंडाकडे येऊ. इथे देवाने, म्हणजे डलहौसीच्या तडजोडीने, सगळं आयतं दिलेलं आहे. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेशाचा पश्चिम भाग : रूळ एकाच मापाचे, १,६७६ मिलिमीटर. अटारीहून वाघ्याला जायला चाक बदलावं लागत नाही. पश्चिम बंगालमधल्या गेदेहून पलीकडच्या दर्शनाला जायला लागत नाही. मुंबईकरांना तर याची जुनी आठवण आहे. १९१२ पासून पंजाब मेल आणि १९२८ पासून फ्रंटियर मेल, दोन्ही मुंबईहून थेट पेशावरला जात. आज पंजाब मेल फिरोजपूरला संपते, फ्रंटियर मेल अमृतसरला. १९९६ मध्ये तिचं नावही बदलून गोल्डन टेंपल मेल झालं. जिथे जातच नाही त्या सरहद्दीचं नाव किती काळ मिरवणार? दक्षिणेत मद्रासहून धनुष्कोडीपर्यंत गाडी, तिथून तलैमन्नारला आगबोट, पुढे कोलंबोची गाडी, हे सगळं एका तिकिटावर व्हायचं. १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळाने धनुष्कोडीच धुऊन नेलं. ते निसर्गाने केलं. बाकीचं आपण केलं.

१९६५ च्या युद्धात पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडच्या गाड्या बंद पडल्या. सिमला करारानंतर १९७६ मध्ये समझौता एक्सप्रेस आली. मुनाबाव–खोखरापारचा रस्ता ४१ वर्षांनी, २००६ मध्ये थार एक्सप्रेससाठी उघडला, आणि त्यासाठी मीटरगेजचं ब्रॉडगेज करण्याची मेहनतही घेतली गेली. कोलकाता–ढाका मैत्री एक्सप्रेस २००८ मध्ये बंगाली नववर्षाच्या दिवशी निघाली, २०१७ मध्ये खुलनाला जाणारी बंधन, २०२२ मध्ये न्यू जलपाईगुडीहून मिताली. समझौता आणि थार २०१९ च्या ऑगस्टपासून बंद आहेत. पूर्वेकडच्या तिन्ही गाड्या २०२४ च्या जुलैमध्ये, बांगलादेशातल्या आंदोलनाच्या उद्रेकात थांबल्या.

या गाड्यांची नावं पुन्हा एकदा वाचा. समझौता, मैत्री, बंधन, मिताली. एरलियनला चाकं बदलणाऱ्या गाडीचं नाव होतं ‘तीन नंबर’. उलट दिशेची ‘चार नंबर’. आपण प्रत्येक गाडीवर दोन राष्ट्रांच्या नात्याचा सगळा भार टाकतो. झेंडे, हार, दोन्हीकडचे मंत्री. मग नातं बिघडलं की गाडी चालू ठेवणं हा अपमान वाटू लागतो आणि थांबवणं हा निषेधाचा सगळ्यांत स्वस्त मार्ग होतो. राजदूत परत बोलावण्यापेक्षा गाडी रद्द करणं सोपं. तिच्यात बसणाऱ्यांना कुठे आवाज असतो?

सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही. २००७ च्या फेब्रुवारीत पानिपतजवळ समझौतामध्ये स्फोट झाले, ६८ माणसं गेली. पण लक्षात घ्या, त्या स्फोटांनी गाडी बंद पडली नाही; ती पुढे बारा वर्षं धावली. बंद पडली ती जम्मू-काश्मीरबाबतच्या भारताच्या निर्णयानंतर, पाकिस्तानने उत्तर म्हणून ती थांबवली तेव्हा. बॉम्बला जे जमलं नाही ते एका पत्रकाने केलं. आणि त्या आधीच्या काळात दोन्ही रेल्वे खात्यांनी काय सांभाळलं होतं, तेही पाहण्यासारखं आहे : सहा महिने भारताचे डबे, सहा महिने पाकिस्तानचे. इतकी काटेकोर पाळीची वाटणी सख्ख्या भावांतही निभत नाही.

विमान आहे की, असं कुणी म्हणेल. विमान राजधान्या जोडतं. समझौतात बसायची ती फाळणीत विभागलेली घरं, लग्नाला निघालेल्या आत्या-मावश्या, गाठोडी घेतलेले छोटे व्यापारी. मैत्रीमधून कोलकात्याला उपचारासाठी येणारे रुग्ण असायचे. नव्वदच्या दशकात बीजिंग–मॉस्को गाडीतूनही असाच माल जायचा. चिनी व्यापारी सायबेरियाच्या फलाटांवर खिडकीतून कातडी जाकिटं विकायचे. लांब पल्ल्याची आंतरराष्ट्रीय गाडी हे हौशी प्रवाशांचं स्वप्न असेल, पण तिचं खरं गिऱ्हाईक हेच. विमानाचं तिकीट परवडत नाही, बॅग तेवीस किलोंत बसत नाही आणि नात्यातलं माणूस मात्र पलीकडे आहे.

मैत्री एक्सप्रेसने एक शहाणपणाची गोष्ट केली होती, ती तिच्या नावापेक्षा मोलाची आहे. सुरुवातीला तपासणी गेदे आणि दर्शना अशी दोनदा व्हायची, सामान उतरवा, रांग लावा, पुन्हा चढवा. २०१७ पासून ती कोलकाता आणि ढाका कँटोन्मेंट या टोकाच्या स्टेशनांवर आणली आणि प्रवासातले कित्येक तास वाचले. यासाठी एक मीटरही नवा रूळ लागला नाही.

उपखंडात सध्या सीमा ओलांडणारी जी गाडी चालते ती फार छोटी आहे. बिहारमधल्या जयनगरहून नेपाळच्या जनकपूरला. १९३७ च्या सुमाराची ती नॅरोगेज, लाकूड वाहण्यासाठी टाकलेली, २०१४ मध्ये बंद झाली. ब्रॉडगेज होऊन २०२२ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाली. तिला लागणाऱ्या दोन डेमू (डिझेलवर चालणाऱ्या) गाड्या नेपाळला पुरवल्या आपल्या कोकण रेल्वेने, बेलापूरच्या मुख्यालयातून व्यवहार करून. रत्नागिरी-मडगावच्या मार्गावर डोंगर फोडायला शिकलेल्या खात्याने तराईच्या सपाट शेतांत गाडी उभी केली. २०२३ मध्ये ती आणखी पुढे, बिजलपुरापर्यंत गेली. या गाडीला कुणी मैत्रीचं नाव दिलेलं नाही; लोक तिला जनकपूरची गाडी म्हणतात, आणि तिच्यातून देवदर्शनाला, बाजाराला, सासरी-माहेरी जातात.