शंभर टक्के कशाचे?

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क करणाऱ्या एखाद्या गाळ्यात शिरलात, तर सीएनसी यंत्रांच्या रांगेच्या टोकाला, कूलंटच्या वासात, एक जुना संगणक अजूनही दिसू शकतो. त्याला नऊ पिनांचं सिरियल पोर्ट असतं. यंत्राच्या जुन्या कंट्रोलरमध्ये प्रोग्राम त्याच केबलने उतरतो, म्हणून संगणक सांभाळून ठेवलेला. त्यावर विंडोज सात, जिची अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली. एके दिवशी तो रखडू लागतो. टास्क मॅनेजर उघडावा तर प्रोसेसर शंभर टक्के. मग निकाल लगेच लागतो: म्हातारा झाला, बदला.

हा निकाल घाईचा आहे. आधी विचारायला हवं, शंभर टक्के कशाचे?

टक्केवारी म्हणजे अपूर्णांक, वर अंश आणि खाली छेद. विंडोज सातमधला तो आकडा एवढंच सांगतो, की गेल्या क्षणभरात प्रोसेसर किती वेळ गुंतलेला होता. त्या वेळात काम किती उरकलं, हे त्यात येत नाही. आकडा दोन कारणांनी फुगतो: वरचं ओझं वाढलं म्हणून, किंवा खालची ताकद घटली म्हणून.

यंत्रावर हा भेद आपण रोज करतो. लोड मीटर चढला की जाणता ऑपरेटर आधी मोटरला दोष देत नाही, इन्सर्टची धार बघतो. जॉब तोच, फीड तेच, कटची खोली तीच, तरी भार वाढला, तर कापणाऱ्या बाजूलाच काही बिघडलं आहे. संगणकापुढे बसल्यावर मात्र आपण हे विसरतो.

संगणकाची धार उष्णतेने जाते. कूलंटचं तेलकट धुकं पंख्यातून आत शिरतं, त्यावर बिडाची बारीक धूळ बसते आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा थर जमतो. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट इतक्या वर्षांत सुकलेली असते. वर एप्रिल-मेचं पत्र्याचं छप्पर. तापमान शंभर अंश सेल्सियसच्या आसपास गेलं, की बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतात. वेग निम्मा झाला, तर काल पन्नास टक्क्यांत होणारं काम आज शंभर टक्के मागतं. प्रोग्रामांच्या यादीत गुन्हेगार शोधून सापडत नाही, कारण यादीतले सगळे कालचेच असतात.

म्हणून पहिली तपासणी घड्याळाची. सकाळी नीट चालणारा संगणक दुपारी अडखळत असेल, तर संशय उष्णतेवर. सुरू केल्यापासूनच अडखळत असेल, तर प्रोग्रामवर. रिसोर्स मॉनिटरमध्ये वेगाचीही टक्केवारी दिसते. संगणक रिकामा असताना ती उतरते, ते योग्यच. पण भार असूनही ती खालीच राहिली, तर छेद आक्रसला आहे. ती पुरी दिसली म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये, तापमान मोजणारा एखादा साधा प्रोग्राम लावून खात्री करावी.

ओझं वाढल्याचीही उदाहरणं आहेत. अँटिव्हायरसची तपासणी, किंवा न संपणारा अपडेटचा शोध. इथे एक चूक वारंवार होते. यादीत सिस्टिम आयडल प्रोसेसपुढे पंचाण्णव दिसलं, की लोक त्यालाच बंद करायला धावतात. ती नोंद रिकाम्या वेळाची असते. उलट, दोन कोअरच्या प्रोसेसरवर आकडा पन्नासवर खिळून राहिला, तर अर्धा संगणक मोकळा आहे असं समजू नये. बहुधा एकच प्रोग्राम एका कोअरवर अडकून पडलेला असतो.

साफसफाईत एक सांगणं कळकळीचं. गाळ्यात कॉम्प्रेसरची एअर गन हाताशी असते, पण तिच्या हवेत पाणी आणि तेल असतं. ती संगणकावर मारू नका. लोखंडी धूळ वीजवाहक आहे, ती फुंकून मदरबोर्डवर पसरली तर शॉर्ट होण्याचा धोका. वायर काढा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ब्रश आणि व्हॅक्युमने थर उचला, जुनी पेस्ट पुसून नवी लावा.

नव्या संगणकाचं कोटेशन मागवायचं असेल, तर जरूर मागवा. त्याआधी येत्या सुट्टीच्या दिवशी जुन्याचं झाकण उघडून हीटसिंक एकदा बघा.