खिळ्यावरची दिनदर्शिका

तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसा परिसरात घराचं वेळापत्रक आधी रान आणि धानाची बांधी ठरवतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता, पाऊस लागला की पऱ्हे (धानाची रोपं) आणि त्यांची रोवणी, दिवाळीनंतर गावोगावची मंडई, म्हणजे जत्रा. एवढ्या धबडग्यात दूध, गॅस, बचत गटाचा हप्ता, मुलांची फी कोण लक्षात ठेवणार?

खिळ्यावर टांगलेली दिनदर्शिका. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढून पंचांग भिंतीवर आणलं. घरोघरच्या बायांनी त्याच्या चौकटींत हिशेब मांडला. दूध आलं नाही तिथे फुली, सिलिंडर लावला तिथे गोल. फुल्या वजा केल्या की महिन्याचं बिल तयार. मोबाइलची आठवण एकालाच वाजते. भिंतीवरचं सगळ्यांना दिसतं, सासूबाईंनाही, आणि काहींना नेमकी तीच अडचण वाटते!

पेन मात्र दोऱ्यानं तिथेच बांधावं, नाहीतर ते दप्तरात जातं. आणि माझं ऐकाल तर रोवणीच्या दिवसांत घरातल्या पुरुषांच्या नावापुढेही कामं लिहावीत: पाणी भरणं, भात टाकणं. बाई तेव्हा दिवसभर चिखलात वाकलेली असते.