शेवटचं कडवं

गेल्या एप्रिलमध्ये चिखलीतल्या आमच्या वस्तीच्या जयंतीसाठी मी एक रील केली. वामनदादा कर्डकांचं एक गाणं घेतलं, धृपदाचा तुकडा कापला, खाली बीट टाकला. तीस सेकंद. दोन दिवसांत ओळखीतल्या बहुतेक पोरांच्या स्टेटसला तीच. मोठ्या हौसेनं शेजारच्या आजींना दाखवली. त्यांनी फोन कानाजवळ धरून ऐकली आणि विचारलं, "बाबू, वामनदादाचं कडवं कुठी गेलं?"

मला आधी कळलंच नाही. रात्री मूळ गाणं शेवटपर्यंत ऐकलं. शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव ओवलेलं होतं. मी नेमकं तेच कापलं होतं.

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. तुकोबांचं 'तुका म्हणे', जनाबाईंचं 'म्हणे जनी'. गाणं या तोंडातून त्या तोंडात जाणार, कागद सोबत नसणार. मग नाव गाण्यातच शिवून टाकायचं. नाममुद्रा म्हणजे गरिबाचा कॉपीराइटच म्हणा.

वामनदादांचा जन्म १९२२चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत मजुरी केली, गिरणीत राबले. अक्षरओळख झाली तीही मोठेपणी. १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं आणि पुढे आयुष्यभर गावोगाव फिरून बाबासाहेबांचा विचार गात राहिले. हजारो गाणी लिहिली. २००४ साली गेले. आज त्यांची गाणी डीजेवर आहेत, रिंगटोनमध्ये आहेत, लग्नाच्या वरातीत आहेत. पण नाचणाऱ्या दहा जणांना विचारा, गाणं कोणाचं? बहुतेक जण ज्याच्या आवाजात ऐकलं त्या गायकाचं नाव सांगतील.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामात, आर्थर अलेक्झांडर नावाचा सोल गायक होता. त्याची गाणी बीटल्सनी गायली, रोलिंग स्टोन्सनी गायली, बॉब डिलननंही गायलं. स्वतः अलेक्झांडर मात्र पुढे कित्येक वर्षं क्लीव्हलंडमध्ये बस चालवत होता. १९९३ साली त्याचा नवा अल्बम आला, लोक पुन्हा ऐकू लागले, आणि त्याच वर्षी तो वारला.

मग आपण काही चुकतो का? माझा मित्र म्हणतो, नाही. त्याचं म्हणणं, वामनदादांना विचार पोचवायचा होता, नाव नाही. गाणं लोकांचं झालं, कर्ता त्यात विरघळला, यापेक्षा मोठा पुरस्कार कोणता? शिवाय वामनदादांचं पहिलं गाणंच एका हिंदी गाण्याचं विडंबन होतं. त्यांनीही दुसऱ्याची चाल घेतलीच की!

हा मुद्दा मला बरेच दिवस सुटला नाही. चाल उसनी घेणं ही सगळ्या लोकसंगीताची पद्धत आहे, आणि ती बंद पडली तर गाणीच बंद पडतील. म्हणून रील करणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. पण घेणं वेगळं आणि पुसणं वेगळं. ओळखीची चाल घेतली की ऐकणाऱ्याला मूळ गाणं आठवतं. विडंबनाची मजाच त्यात असते. मी नाव कापलं तेव्हा आठवायला काही उरलंच नाही.

राहिला विरघळण्याचा प्रश्न. नाव सोडणं हा मोठेपणा आहे, हे खरं. पण तो मोठेपणा ज्याचं नाव आहे त्यानं दाखवायचा असतो. त्याच्या वतीनं आपण दाखवला तर तो आपला आळस असतो. आणि वामनदादांनी नाव सोडलं नव्हतं, ते गाण्यात घातलं होतं. ज्या समाजाला शतकानुशतकं नावानं हाकही मारली गेली नाही, त्यातल्या माणसानं स्वतःचं नाव स्वतःच्या ओळीत घालणं याला अहंकार कसं म्हणायचं? मला तर ती सही वाटते. उशिरा अक्षर शिकलेल्या माणसाची सही.

कायदाही हेच म्हणतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की सगळे हक्क विकून टाकले तरी 'ही रचना माझी' असं म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार जात नाही. पण जयंतीच्या मिरवणुकीत कलम कोण वाचणार? तिथं आजींचा कानच कामाचा.

मी रील काढली नाही. नवी केली, पंचेचाळीस सेकंदांची. शेवटी ते कडवं ठेवलं. पहिलीपेक्षा ती कमी चालली. आजींना दाखवली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. 'वामन' आलं तशी त्यांनी नुसती मान हलवली, आणि पुन्हा लावायला सांगितली.