आधी हवेचा हिशेब

रोहा,
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

चि. बाळ यास,

गणपतीला पेणला आलो होतो तेव्हा तू अंगणात गाडीचं बॉनेट उघडून उभा होतास. "मामा, दोनशे हॉर्सपॉवर करायचीय, सुपरचार्जर कुठला घेऊ?" असं विचारलंस, तेवढ्यात आरतीला बोलावणं आलं आणि बोलणं अर्धवट राहिलं. प्रश्न मनाला लागून होता, म्हणून आज सवडीने लिहितो.

माझा जन्म रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये गेला, तेव्हा तिथलीच गोष्ट आधी सांगतो. आमचं जुनं डब्ल्यूडीएम-२ इंजिन सोळा सिलिंडरचं, २६०० हॉर्सपॉवरचं. पुढे डब्ल्यूडीएम-३ए आलं, ते ३१०० चं. सिलिंडर तेच सोळा. फरक पडला तो हवेमुळे. टर्बो जास्त चांगला बसवला, दाबलेली हवा गार करणारा आफ्टरकूलर मोठा केला, त्या हवेला पुरेल एवढं डिझेल देणारे पंप आले. एवढं करून ताकद वाढली वीस टक्क्यांहून थोडी कमीच. तू मागतोस ती अडीचपटीच्या जवळ. हा फरक आधी मनात नीट उतरू दे.

आता तुझ्या गाडीचं. ११९७ सीसी, ६००० आरपीएमला ८३ हॉर्सपॉवर. इंजिन म्हणजे हवेचा पंपच. दोन फेऱ्यांत एकदा सगळे सिलिंडर भरतात, म्हणजे ६००० आरपीएमला मिनिटाला सुमारे तीन हजार लिटर हवा आत जाते. वजनात साडेतीन किलोच्या आसपास. जेवढी हवा, तेवढंच पेट्रोल नीट जळणार, आणि तेवढीच ताकद निघणार. सुपरचार्जर ताकद देत नाही, तो तेवढ्याच जागेत जास्त हवा कोंबतो. म्हणून आधी आकडा ठरव, त्या आकड्याला किती हवा लागते ते काढ, आणि मग यंत्र निवड. दुकानात यंत्र पाहून आकडा ठरवणं म्हणजे उलटा प्रवास.

समज, आतला दाब बाहेरच्या १.६ पट केला. दाबली की हवा तापते. बाहेर ३५ अंश असेल तर साध्या सुपरचार्जरमधून ती ११० अंशांच्या आसपास बाहेर पडेल. तापलेली हवा फुगते, त्यामुळे दाब १.६ पट होऊनही हवा भरते १.३ पटच. तीच इंटरकूलरमधून गार करून ५५ अंशांवर आणलीस तर दीडपट भरते. म्हणजे ८३ चे सुमारे १२५. त्यातले आठ-नऊ सुपरचार्जर स्वतः खातो, कारण तो पट्ट्यावर इंजिनच्याच जोरावर फिरतो. हातात उरतात ११५. दोनशे हवे असतील तर दाब तिपटीच्या घरात न्यावा लागेल, आणि तुझ्या इंजिनचे पिस्टन, रॉड, क्लच यांतलं काहीच त्यासाठी घडवलेलं नाही.

आता सुपरचार्जरच्या जाती. रूट्स जातीचा ब्लोअर तू धाटावच्या एमआयडीसीत शिकाऊ असताना पाहिला असशील. सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडायला जो ट्विन लोब ब्लोअर लावतात, तोच. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० साली त्याचं पेटंट घेतलं. एका फेरीत ठरलेली हवा पुढे ढकलायची हा त्याचा धर्म, त्यामुळे कमी आरपीएमलाही जोर मिळतो. पण हवा तापवतो जास्त. ट्विन स्क्रू हवा आतच दाबत नेतो, कमी तापवतो, महाग पडतो. सेंट्रिफ्युगल जातीचा पंख्यासारखा फिरतो. आकाराने आटोपशीर, हवाही कमी तापवतो, पण त्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ३००० आरपीएमला त्याच्याकडून फार काही मिळत नाही, जो काही जोर तो वरच्या टोकाला.

टर्बोचं वेगळं. तो धुराच्या जोरावर फिरतो, म्हणून पट्ट्याचा खर्च नाही, पण त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. रोह्याहून डिझेल इंजिनची गाडी सुटताना काळ्या धुराचा लोट उठायचा, तो लहानपणी तू कडेवरून पाहायचास. ड्रायव्हरने थ्रॉटलचा नॉच वाढवला की डिझेल लगेच पोचायचं, टर्बोची हवा मागाहून. मधल्या क्षणांत अर्धवट जळालेलं डिझेल धूर होऊन निघायचं. इंजिन बंद केलं की आम्ही टर्बोला कान लावून उभे राहायचो आणि घड्याळ बघायचो. दीड ते तीन मिनिटं तो सूं सूं करत फिरत राहिला पाहिजे. लवकर थांबला तर समजायचं, बेअरिंग बिघडतंय. यंत्र बोलतं, बाळा. तू ऐकायला शीक.

तू पेण ते रोहा ये-जा करतोस. वडखळला गर्दी, पुढे नागोठणं, मग भिसे खिंडीचा चढ. तुला जोर हवा तो दोन ते साडेतीन हजार आरपीएमच्या मधे, सहा हजारांवर नव्हे. त्यामुळे बसवायचाच झाला तर छोटा रूट्स किंवा ट्विन स्क्रू, बेताचा दाब, आणि इंटरकूलर नक्की. सोबत इंजेक्टर मोठे हवेत, ईसीयूचं ट्यूनिंग डायनोवर करून घ्यायला हवं. तुझ्या इंजिनचं कॉम्प्रेशन आधीच जास्त आहे, त्यात दाबलेली गरम हवा आली की नॉकिंग होणार. नॉकिंगने गेलेला एक पिस्टन मी हातात धरून पाहिलाय. वरून चकचकीत, पण दोन रिंगांच्या मधली कड तुटून पडलेली. ज्या मुलाची ती गाडी होती, त्याने सुपरचार्जरला पैसे घातले आणि ट्यूनिंगचे वाचवले.

आणखी एक. तुझ्या गाडीची नंबरप्लेट एमएच-०६, म्हणजे तिचा सगळा कागद तुझ्या घराजवळच्या पेणच्या आरटीओत आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. नट उघडण्याआधी तिथे जाऊन विचार. विमा कंपनीलाही विचार. अपघात झाला तर तुझ्यासोबत दुसऱ्याच्या घरावरही ओझं पडतं, हे विसरू नकोस.

माझं मत विचारशील तर सांगतो. रांजणगावच्या कारखान्यातून नेक्सॉन बाहेर पडते, तिचं पेट्रोल इंजिन ११९९ सीसीचं. तुझ्या इंजिनएवढंच. टर्बो लावून ते १२० च्या आसपास देतं. ते इंजिन पहिल्या दिवसापासून टर्बोसाठीच घडवलेलं आहे, ब्रेक आणि क्लच त्या जोराला धरून दिलेत, आणि वर वॉरंटी आहे. खर्चाची बेरीज मांडताना जुनी गाडी विकून अशी घेण्याचा एक रकाना वहीत ठेव.

तुझी हौस मोडायला हे लिहीत नाही. हात काळे करणारा मुलगा घरात आहे याचा मला अभिमान आहे. फक्त एक काम कर. पुढचे चार रविवार गाडी घेऊन रोह्याला ये, आणि भिसे खिंडीत कुठल्या गिअरला, किती आरपीएमला जोर कमी पडतो ते पोचल्यावर वहीत लिही. चार रविवारांनी वही घेऊन माझ्याकडे बस. तुला हव्या असलेल्या ताकदीचा खरा आकडा त्या पानांवर असेल, आणि माझा अंदाज आहे की तो दोनशेच्या बराच खाली निघेल.

ताईला नमस्कार सांग. येताना ती पोह्याचे पापड देईल, ते विसरू नकोस.

तुझा,
मामा