नाकेबंदीचा भार कोणावर?

उद्दाम, शस्त्रसज्ज आणि आपल्याच प्रजेची वाचा बंद करणाऱ्या राज्याशी शेजाऱ्याने कसे वागावे, हा प्रश्न कौटिल्याइतका जुना आहे. त्याने संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय व द्वैधीभाव असे सहा गुण सांगितले. आज ज्यास आर्थिक निर्बंध म्हणतात, तो बिनशस्त्राचा विग्रहच होय. त्यात रक्त सांडत नाही, म्हणून तो सात्त्विक, अशी एक समजूत रूढ आहे. ती तपासण्यासाठी आम्हांस दूर जाण्याचे कारण नाही.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर, पत्रादेवी व अन्य ठिकाणी, निःशस्त्र सत्याग्रह्यांवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक जण ठार झाले. त्यानंतर भारत सरकारने गोव्यातील आपली वकिलात बंद केली. मुरगावची रेल्वे कॅसलरॉकपाशी तुटली, व्यापार थांबला, प्रवासास परवाना लागू झाला. संताप न्याय्य होता, याविषयी दुमत नाही. पण त्याचा भार कोणी वाहिला?

सालाझार लिस्बनमध्ये होता; त्याच्या ताटातला घास कमी झाला नाही. गोव्यात हॉलंडचे बटाटे आणि जपानचे सिमेंट जहाजांतून उतरू लागले. खाणींतले लोहखनिज मुरगाव बंदरातून जपानला जात राहिले व परकी चलन येत राहिले. त्याच वर्षी दाभोळीचा विमानतळही उभा राहिला. चोरट्या वाटेने सोने व विलायती दारू सीमेपलीकडे जाई, आणि त्यात गबर झालेल्यांना नाकेबंदी म्हणजे पर्वणीच! चिमटा बसला तो मुंबईत चाकरी करणाऱ्या मुलाच्या पैशांवर जगणाऱ्या म्हाताऱ्या आईला. ज्यांचे कुलदैवत फोंडे महालात आणि बिऱ्हाड बेळगाव-कारवारात, त्यांची देवदर्शनाची वाटही परवान्यात अडकली.

संश्रयाचीही तीच गत. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य. एका हुकूमशाहीला अडवण्यासाठी उभारलेल्या त्या तटबंदीत दुसऱ्या हुकूमशाहीला आसरा मिळाला; डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी संयुक्त पत्रकात पोर्तुगालच्या वसाहतींस ‘प्रांत’ म्हणण्यास संमती दिली. उलट डिसेंबर १९६१ मध्ये सुरक्षा समितीत पाश्चात्त्यांचा ठराव हाणून पाडला तो सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकाराने. तेही काही लोकशाहीचे माहेरघर नव्हते. मित्र निवडताना राष्ट्रे सोवळे फार पाळत नाहीत, आम्हीही पाळले नाही.

मग निर्बंध अनीतीचेच काय? तसे आम्हांस वाटत नाही. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारतच, १९४६ साली. पुढे तेथील नेते आल्बर्ट लुथुली यांनी स्वतः जगाला बहिष्काराचे आवाहन केले. आमच्या माणसांना झळ लागेल हे ठाऊक असूनही आम्ही ती पत्करतो, अशी त्यांची भूमिका होती. येथे आम्हांस या प्रश्नाचे मर्म दिसते. स्वतः उपास करणे व्रत ठरते, दुसऱ्यास उपाशी ठेवणे नव्हे. मात्र त्या दुसऱ्यानेच संकल्प सोडला असेल तर गोष्ट निराळी.

गोव्यात हा संकल्प विचारण्याची सोयच नव्हती. वृत्तपत्रांवर सेन्सॉर, आणि बोलू शकणारे कितीतरी आग्वादच्या तुरुंगात. ज्याची संमती घेता येत नाही, त्याच्या वतीने निर्णय करणारा कायद्याच्या दृष्टीने विश्वस्त ठरतो आणि विश्वस्ताने हिशेब ठेवलाच पाहिजे. औषध, पत्र आणि देवळाची वाट यांना बंदीतून वगळण्याने सालाझारचे काही बिघडले नसते, की भारताचे. मनीऑर्डरीचा प्रश्न अवघड खरा, कारण तो रुपया फिरत फिरत परक्या तिजोरीला बळ देतो. तरीही आमचा कौल त्या आईच्या बाजूने पडतो: महिन्याची मर्यादा घालावी, पण पैसे पोचू द्यावेत.