दुखण्याचा धनी कोण?

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात आयुष्याचा मोठा भाग जमिनीशी खेटून जातो. जेवण मांडी घालून, खुरपणी उकिडवे बसून. खुब्याचा सांधा बदललेल्या माणसाला पहिली ताकीद मिळते ती हेच टाळण्याची. मांडी फार वाकली तर कृत्रिम गोळा वाटीतून निखळू शकतो. माझ्या थोरल्या चुलत्यांनी ती निष्ठेने पाळली. तरीही काही वर्षांनी मांडीत कळा येऊ लागल्या. ‘वय झालं, दुखायचंच,’ असे म्हणून त्यांनी त्या दीर्घकाळ सोसल्या. अखेर बारामतीत एक्स-रे काढला, तेव्हा कृत्रिम सांध्याचा हाडात बसवलेला दांडा सैल झालेला दिसला. सांधा कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, असे डॉक्टरांनी विचारले. जुन्या कागदांत ‘इम्प्लांट’ या एका शब्दापलीकडे काहीही नव्हते.

वस्तू झिजते, हा तिचा अपराध नव्हे. आधुनिक खुबारोपणाचे जनक जॉन चार्नली यांच्या टेफ्लॉनच्या वाट्याही काही वर्षांतच झिजल्या होत्या. रुग्ण त्यांच्या देखरेखीखाली होते, म्हणून ते अपयश लपले नाही आणि १९६२ मध्ये पॉलिएथिलिनची वाटी आली.

अशा नोंदीचे मोल पुढेही दिसले. डीप्यू कंपनीच्या ‘एएसआर’ या खुब्याच्या सांध्यात धातूवर धातू घासे आणि कोबाल्ट-क्रोमियमचे कण भोवतालच्या ऊतींत व रक्तात उतरत. ऑस्ट्रेलियात १९९९ पासून सांधेरोपणाची राष्ट्रीय नोंदवही आहे; हा सांधा वाजवीपेक्षा लवकर बदलावा लागतो, हे तिच्यातून दिसले. तिथे तो २००९ मध्ये मागे घेतला गेला, जगभर ऑगस्ट २०१० मध्ये. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. केंद्राच्या तज्ज्ञ समितीने चौकशी केली, तेव्हा त्यांतील ३,६०० हून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. नुकसानभरपाईचा प्रश्न पुढचा. आपल्या वेदनेचे कारण धातूत असू शकते, हे तरी त्यांना कोण सांगणार? नोंद नसली की यंत्राचा दोष देहाच्या खाती जमा होतो, आणि सोशिक माणूस तो प्रारब्ध म्हणून स्वीकारतो. आपण या सोशिकतेचे फार कौतुक करतो. उत्पादक आणि रुग्णालय यांना ती सोयीची असते, हे मात्र विसरतो.

आमच्या भागातला साखर कारखाना उसाच्या लागणीची तारीख, जात आणि गट क्रमांक टिपून ठेवतो, तेही पीक वर्ष-दीड वर्षाचे असताना. सांधा पंधरा-वीस वर्षे देहात राहायचा असतो. त्याच्या खोक्यावर माप आणि लॉट क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते. ती डिस्चार्ज कार्डावर लावून मागावी. असे मागणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास, असे आमच्याकडे अजून पुष्कळांना वाटते.