दहा वॅटचा अ‍ॅम्प आणि शेजाऱ्याची शांतता

इलेक्ट्रिक गिटार हे मुळात अबोल वाद्य आहे. तार छेडली की पिकअपमधल्या चुंबकापाशी विजेचा अगदी क्षीण संदेश तयार होतो. तो ऐकण्याजोगा करायचा तर अ‍ॅम्प्लिफायर लागतो. तंबोऱ्याचा आवाज भोपळ्याने बांधून दिलेला असतो, बासरीचा श्वासाने. इलेक्ट्रिक गिटारला अशी अंगची मर्यादा नाही. ती वाजवणाऱ्याने बटण फिरवून स्वतःच ठरवायची असते. म्हणून सरावासाठी स्वस्त अ‍ॅम्प निवडणे हा वरवर बाजारहाटाचा दिसणारा प्रश्न आत कुठेतरी नीतीचा आहे. जळगाव-धुळ्याच्या मध्यमवर्गीय घरात तो निघाला की चर्चा पैशावर जाते, आणि वडीलधारी मंडळी गरजेपुरतेच घे म्हणतात. आपल्या परंपरेत या सल्ल्याला असंग्रह असे भारदस्त नाव आहे. पण गांधीजींच्या आश्रमाच्या अकरा व्रतांत असंग्रहाच्या आधी अस्तेय येते, आणि पतंजलीच्या यमांतही तोच क्रम आहे. अ‍ॅम्पच्या बाबतीत खरी कसोटी या अस्तेयाची, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताची आहे, असे माझे म्हणणे आहे. आपल्याजवळ किती असावे हे ठरवण्याआधी, आपण दुसऱ्याचे काय उचलतो आहोत हे पाहायला हवे.

आधी गरजेचे गणित मांडू. अ‍ॅम्पची वॅट संख्या दुप्पट केली तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. दसपट केली तर १० डेसिबलने, आणि आपल्या कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे १०० वॅटचा अ‍ॅम्प १० वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा दहापट मोठा वाजत नाही, दुपटीच्या आसपासच वाजतो. उलट, एक वॅट दिला तरी गिटारचा बरा स्पीकर मीटरभर अंतरावर ९० डेसिबलच्या आसपास पोहोचतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची पातळी ठरवली आहे, आणि खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढू नये असे म्हटले आहे. दहा बाय बाराच्या खोलीत एक वॅटसुद्धा उरतो, हे यावरून उघड आहे. फेंडरच्या फ्रंटमॅन १० जीसारखा सहा इंची स्पीकरचा लहान अ‍ॅम्प घेतला तरी त्याची बहुतेक ताकद कधी वापरावी लागणार नाही. असंग्रहाचा हिशेब इथेच संपतो. तो फार अवघड नाही, म्हणूनच पुरेसाही नाही. कारण या लहान अ‍ॅम्पनेही गल्लीची झोप मोडता येते.

अस्तेय म्हणजे न दिलेले न घेणे. जैन विचारात चोरीला अदत्तादान म्हणतात, आणि त्यात वस्तूच्या किमतीपेक्षा देणाऱ्याच्या संमतीला महत्त्व आहे. यावर पहिला आक्षेप असा की शांतता ही कोणाच्या मालकीची वस्तू नव्हे, मग तिची चोरी कशी होणार? खान्देशातला मे महिना डोळ्यांपुढे आणला की उत्तर सापडते. पारा ४५ अंशांच्या आसपास गेलेला असतो, खिडक्या सताड उघड्या असतात, माणसे गच्चीवर नाहीतर धाब्यावर अंथरूण टाकतात. धुळ्याच्या नंबराच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागलेली असते. पहाटे उठून ड्यूटीवर किंवा शेतात जाणाऱ्याला रात्री मिळणारी पाच-सहा तासांची झोप ही त्याची कमाई आहे. ती त्याला न विचारता घेतली, तर त्याचे नुकसान पाकीट मारल्याइतकेच खरे आहे. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही नको असलेल्या आवाजापासून मुक्त राहण्याचा संबंध घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काशी जोडला. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. म्हणून आवाजाच्या बाबतीत संमती विचारण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. गणपतीत आणि लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, भोंगे वाजतात, आणि नीतीचा पाठ मात्र गिटार शिकणाऱ्या पोराला द्यायचा! यातला राग रास्त आहे. पण त्यातून निष्कर्ष चुकीचा निघतो. इतरांनी घेतले म्हणून मीही घेतो, हे चोरीचे समर्थन कोणत्याच धर्मात चालत नाही. शिवाय भक्तीलाही ही सूट नाही. चेन्नईच्या एका वसाहतीतल्या चर्चच्या प्रार्थनेत ड्रम आणि गिटारचा वापर होई. त्या आवाजाच्या तक्रारीवर ३० ऑगस्ट २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दुसऱ्यांची शांतता मोडून किंवा ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. गीतेचा सतरावा अध्याय तर दुसऱ्याला उद्वेग न देणाऱ्या वाणीला तप म्हणतो. प्रार्थनेला जो नियम लागू आहे, तो रियाजाला लागू नसावा याचे कारण सापडत नाही.

तिसरा आक्षेप कलेच्या बाजूने येतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. मोठ्या आवाजात तार आणि स्पीकर एकमेकांना प्रतिसाद देतात. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प जोरात चालवल्यावरच त्याचा खरा रंग खुलतो. आणि आवाज लहान केला की कानाला खर्ज व तार सप्तकाचे स्वर पातळ वाटतात. हे सगळे खरे आहे. हेडफोन लावून वाजवणाऱ्याची कला एकलकोंडी होते, हेही काही अंशी खरे. मात्र अस्तेय मौन मागत नाही, संमती मागते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली आणि पुढे अनेक भाषांत छापली गेली. आवाज मोठा करण्याचाच हा एक प्रकार म्हणता येईल, कारण भिंतींच्या आतले बोलणे देशभर पोहोचले. तरी त्याने कोणाचे काही हिरावले नाही, कारण प्रत्येक वाचकाने पुस्तक स्वतः उघडले. दोष मोठेपणात नसून लादण्यात आहे. गिटारवाल्यालाही हा मार्ग मोकळा आहे: शेजाऱ्यांशी बोलून संध्याकाळचा एक तास ठरवावा, मित्रांसह तालमीची खोली घ्यावी, कार्यक्रमात मनमुराद वाजवावे. जिथे लोक ऐकायला आपणहून आले आहेत, तिथे १०० वॅटही चोरी नव्हे.

हा विचार मान्य केला तर दुकानातल्या प्रश्नांचा क्रम बदलतो. वॅट किती, हा प्रश्न शेवटी जातो. हेडफोनची जागा आहे का, हे पहिले. गेन आणि मास्टर व्हॉल्यूम वेगळे आहेत का, म्हणजे खरखरीत बाज हळू आवाजातही मिळेल का, हे दुसरे. बटण शून्यावरून जरा हलवताच आवाज एकदम उसळतो की हळूहळू चढतो, हे वाजवून पाहायचे. जुना अ‍ॅम्प असेल तर गुणगुण तपासायची, आणि ती घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढायची नाही, कारण त्यात जिवाचा धोका आहे. बजेट फारच तोकडे असेल तर व्हॉक्सच्या अ‍ॅमप्लगसारखा थेट गिटारच्या सॉकेटमध्ये बसणारा हेडफोन अ‍ॅम्पही सुरुवातीला पुरतो. गरिबीलाच व्रत म्हणून मिरवा, असा याचा अर्थ नाही. दोन हजार जास्त देऊन हेडफोनची सोय मिळत असेल तर ते अवश्य द्यावेत. असंग्रह त्यावर कुरकुर करील, अस्तेय करणार नाही. आणि ज्याने आपल्या दहा वॅटना ही कसोटी लावली आहे, त्याला मंडळाच्या डीजेपुढे उभे राहून तोच प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळतो. आपल्या शहरांत हा अधिकार कमावलेली माणसे आज थोडी आहेत; ती वाढायची तर सुरुवात घरातल्या बटणापासूनच करावी लागेल.